कंसातले कारण

भूमितीच्या उदाहरणात उत्तर बरोबर येऊनही गुण कापले जातात, कारण प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहावे लागते. चाळीसगावच्या आमच्या घरी नववीतली भाची संध्याकाळी कंपासपेटी उघडून बसते, तेव्हा तिचे खरे भांडण या कंसाशीच असते. "मामा, काटकोनच दिसतोय ना तो!" असे ती वैतागून म्हणते; परंतु दिसणे हे भूमितीत कारण नव्हे.

सध्या सराव समांतर रेषांचा चालला आहे. दोन समांतर रेषांच्या मधोमध कोपरासारखी वाकलेली एक रेघ, वरच्या रेषेशी तिचा कोन ३५ अंशांचा, खालच्या रेषेशी ५० अंशांचा, आणि विचारलेला असतो तो कोपराचा कोन. दिलेल्या आकृतीकडे कितीही वेळ पाहिले तरी काही सुचत नाही, कारण दोन्ही रेषांना छेदणारी सरळ छेदिकाच तिथे नसते. मग कोपराच्या बिंदूतून तिसरी समांतर रेषा तुटक काढायची, पुढे 'रचना' असे लिहायचे, की त्या कोनाचे दोन भाग पडतात आणि व्युत्क्रम कोनांमुळे ३५ व ५० मिळून ८५ अंश हाती येतात. उदाहरणात कुठेही न दिलेली रेषा आपण होऊन काढण्याची ही मुभा मला सगळ्या शालेय गणितात सर्वांत उदार वाटते. बाबाबा, बाकोबा, कोबाको ('बा' म्हणजे बाजू, 'को' म्हणजे कोन) या त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या त्या मानाने पाठांतराच्या. तिथे फक्त कसोटी नसलेले 'बाबाको' लिहिण्याचा मोह आवरायचा असतो.

पाया आखणारा गवंडीही काटकोनासाठी डोळ्यावर विसंबत नाही. कोपऱ्यापासून दोरीने एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट मोजून तिरके अंतर ५ फूट भरते का, ते पाहतो.

आमच्या तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्यामुळे भास्कराचार्यांच्या सुमारे ११५० सालच्या 'लीलावती' या गणितग्रंथातला मोडका वेळू भाचीपुढे ठेवणे मला भागच होते. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? तिने आकृती काढून "मधोमध" असे ठोकून दिले. पण उभा भाग १६ हात धरला, तर तिरका भागही १६ हातच उरतो, आणि काटकोन त्रिकोणात कर्ण तर भुजेपेक्षा मोठाच असावा लागतो. पायथागोरसच्या प्रमेयाने उंची १२ हात आणि कर्ण २० हात निघतो. तेव्हापासून मी तिला कच्च्या आकृत्या मुद्दाम वाकड्यातिकड्या काढून देतो, आणि ती त्या खोडरबरने पुसून पट्टीने नीटनेटक्या करून घेते.