इतिवृत्ताऐवजी कानटोपी

डिसेंबर, गुरुवार, रात्र

या दिवसांत पेपर आला की मी आधी निफाडचा पारा बघते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला तो आकडा दहाच्या खाली गेला, की इकडे नाशिकला कॉलेज रोडवर आमची अख्खी बिल्डिंग शेतात झोपून आल्यासारखी कुडकुडायला लागते. मला तर तो आकडा खाली गेलेलाच हवा असतो. थंडी असली की सुया हातात घ्यायला कारण शोधावं लागत नाही.

आणि सध्या कारणाची फार गरज आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहायचं राहिलंय. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, ती घेतली. वहीत टिपणंही आहेत. पण पार्किंगच्या विषयावर दोघांची जी जुंपली, ती कागदावर कशी उतरवायची? जसं बोलले तसं लिहिलं तर एक जण जिन्यात तोंड फिरवणार, गुळगुळीत करून लिहिलं तर दुसरा म्हणणार, सेक्रेटरी त्यांना सामील आहेत. मी वही उघडते, 'विषय क्र. 4' इथपर्यंत वाचते, आणि मग आठवतं की कानटोपीची शिवण राहिलीये.

स्वेटर मी कधीच घेत नाही विणायला. पाठ, पुढचे दोन पल्ले, बाह्या, मग गळ्याचे टाके उचला. स्वेटर सुरू केला की चार दिवसांत तोच टाळायचं काम होऊन बसतो. टाळण्यासाठी हवी ती लहान वस्तू. कानटोपी, मफलर, फार तर हातमोजे, तेही बोटं नसलेले. जाड लोकर, 8 नंबरच्या सुया, मोठ्या माणसाच्या टोपीला 98 टाके: चारच्या पटीत 96 आणि वरचे दोन शिवणीचे. दोन सुलट, दोन उलट, टोकापर्यंत हेच. ही वीण ताणली की पसरते, सोडली की मिटते, त्यामुळे डोक्याचं माप थोडं चुकलं तरी खपून जातं. एका बाजूने सगळं सुलट, दुसऱ्या बाजूने सगळं उलट विणलं की कडा गुंडाळल्या जातात, इथे तीही कटकट नाही. (सुयांचं गणित मात्र उलटं: नंबर मोठा तशी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर 3.25. शिकताना आईने हे सांगितलं तेव्हा ती गंमत करतेय असंच वाटलं होतं.)

पिंपळगाव बसवंतला माझा मावसभाऊ आहे, त्याची द्राक्षबाग आहे. थंडी वाढली की हे लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या करतात, ठिबकने पाणी सोडतात, नाहीतर पाणी भरायला आलेले मणी तडकतात. परवा फोनवर म्हणाला, "ताई, कान पार बधिर होतात गं." मला एवढं पुरे होतं! त्याच रात्री घरातली निळी लोकर काढून टाके घातले. दोन बोटं वीण झाल्यावर डोक्यात आलं की ही लोकर कसली, हे तर ॲक्रिलिक. मऊ असतं, धुवायला सोपं, स्वस्त, सगळं खरं. पण ते आगीजवळ वितळतं, आणि हा पहाटे जाळापाशी वाकून उभा राहणार. तेव्हा त्याला खरी, मेंढीची लोकर हवी. ती सहसा पेट घेत नाही, घेतलाच तरी आगीपासून दूर केली की बहुधा आपोआप विझते.

मग काय, दुसऱ्या दिवशी मेन रोड. इतिवृत्त राहिलं, पण हे काही उगाच भटकणं नव्हतं, माणसाच्या कानांचा प्रश्न होता. दुकानदार प्रत्येक गुंड्याला "प्युअर आहे, मॅडम" म्हणत होता. मी एकेका गुंड्याची वीतभर टोकं मागून आणली आणि घरी गॅसच्या ओट्यावर जाळून पाहिली. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा, टणक मणी होतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडता येते. एकच टोक पास झालं, करड्या रंगाचं. तेवढ्यासाठी आज पुन्हा मेन रोडला जाऊन आले.

संध्याकाळी हे चिरंजीवांवर ओरडले. प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धवट, आणि स्वारी पाय वर करून मोबाईल बघत होती. त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मी विणत बसले होते. माझंही काम अर्धवटच. पण मला हे म्हणाले, "किती वेळ मान खाली घालून बसलीयेस, चहा टाकू का?" चिरंजीवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाके मोजण्याचं नाटक केलं. हात चालू असलेल्या बाईला आपल्याकडे कोणी आळशी म्हणत नाही. सासूबाई तर कौतुकाने सांगतात, हिला म्हणून रिकामं बसवत नाही. मी हे कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत पडलेले नाही.

काल रात्री तर टाळण्याचीही पुढची पायरी गाठली. वही समोर ठेवून विणकामाचा इतिहास वाचत बसले. उलट टाक्याच्या जुन्यात जुन्या नमुन्यांमध्ये फ्लॉरेन्सच्या एका सरदारणीचे रेशमी पायमोजे आहेत, 1562 सालचे, तिच्यासोबत पुरलेले. म्हणजे सुलट विणणारे त्याआधी कित्येक शतकं होते. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. 'विषय क्र. 4' तिथेच.

साडेआठला चेअरमन काकांचा फोन आला. नाव दिसलं तेव्हाच पोटात गोळा आला. "वहिनी, ते मिनिट्सचं..." म्हणाले. मी म्हटलं, "चालू आहे काका, जरा नीट लिहितेय." ते म्हणाले, "घ्या, घ्या वेळ, घाई नाही." मग घसा खाकरून: नातू पुण्याहून येतोय, इथली थंडी त्याला सोसत नाही, तुम्ही कानटोप्या छान करता असं आमची ही सांगत होती, लाल रंगात एक होईल का?

होईल म्हटलं. पिंपळगावची आधी संपवायची, मग ही. नातवाच्या डोक्याचं माप उद्या व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणालेत.