तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग पासपोर्ट कशाला ठेवता?’

ठेवते. एकच आहे. मुदत संपायच्या कितीतरी आधी नूतनीकरणाला देते, आणि प्रवासात असले की दर थोड्या वेळानं पर्समध्ये हात घालून तो जागेवर आहे ना हे चाचपून बघते.

इतकं सरळ उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. भाषण संपतं, ‘कुणाला काही विचारायचंय का’ म्हटलं की कुणीतरी उठतंच: ‘राष्ट्रोत्तर साहित्य, राष्ट्रापलीकडची ओळख, हे सगळं ठीक आहे हो, पण पासपोर्ट तर एका देशाचा बाळगताच ना? मग?’ सभागृहात हशा होतो. मी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासचं नाव घेते, युरोपीय संघाचा दाखला देते, तोवर वेळ संपते. अनुवाद आणि संपादनाच्या कामाला मला वीस वर्षं होऊन गेली, त्यातली निम्मी वर्षं हा प्रश्न माझ्यामागे आहे. विचारणाऱ्यांना मी मनातल्या मनात कोतं ठरवत आले. तसं करायला नको होतं. प्रश्न रास्त आहे, माझीच उत्तरं अर्धवट होती.

तरी आधी माझी बाजू मांडते, कारण तीही कुणी पुरती ऐकून घेतलेली नाही.

मी देशाला नावं ठेवत नाही. माझं भांडण आहे ते पुस्तकांवर देशाची चिठ्ठी डकवण्याशी. काफ्का कुठल्या देशाचा? १८८३ मध्ये प्रागला जन्मला तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचा प्रजाजन, १९२४ मध्ये गेला तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक, आणि लिहिलं सगळं जर्मनमध्ये. रशियन लेखक इव्हान बुनिनना १९३३ चं साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा ते फ्रान्समध्ये राहत होते आणि कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. पुरस्कार देताना उमेदवाराचं राष्ट्रीयत्व बघू नये असं आल्फ्रेड नोबेलनं १८९५ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. पण दरवर्षी निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मोजदाद होते ती देशांचीच. रवींद्रनाथांनी १९१६ मध्ये जपान आणि अमेरिकेत जाऊन राष्ट्रवादाविरुद्ध व्याख्यानं दिली. आज त्यांचीच दोन गाणी दोन देशांची राष्ट्रगीतं आहेत. माणसाचं लिहिणं एकीकडे आणि त्याच्यावरची चिठ्ठी भलतीकडे, हे मी रोज बघते. त्याबद्दल बोलले की ‘देशद्रोही नाही ना?’ अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं जातं, आणि याचा मला खरोखर कंटाळा आलाय.

दुसऱ्या बाजूनं काही जण प्रेमानं म्हणतात, ‘यात नवीन काय? ज्ञानोबांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, हे विश्वचि माझे घर.’ ओवी बाराव्या अध्यायातली आहे, भक्ताची लक्षणं सांगताना आलेली. ‘ऐसी मती जयाची स्थिर’ असं त्या माणसाच्या मनाबद्दल म्हटलंय. माझी मती स्थिर असली तरी त्या घराचं दार उघडायला कोण येणार, आणि त्यानं नाही उघडलं तर मी कुणाकडे दाद मागायची, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर संस्थांकडून यावं लागतं.

आणि अशा संस्था उभ्या राहिल्या आहेत, म्हणूनच मी इतकी वर्षं आशेनं बोलत आले. हाबरमासनं १९९८ मध्ये ‘राष्ट्रोत्तर परिस्थिती’ हा शब्द पुस्तकाच्या नावातच घातला. माणसांनी एकत्र राहायला रक्त आणि पूर्वज एक असायची गरज नाही, सामाईक संविधानावरची निष्ठा पुरते, हे त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. युरोपीय संसदेत १९७९ पासून लोक थेट मतदान करतात. निवडून आलेले सभासद देशावार बसत नाहीत, विचाराच्या गटांत बसतात. गट करायचा तर किमान तेवीस सभासद लागतात आणि तेही किमान सात देशांतले. माल्टाची समाजवादी बाई जर्मनीच्या समाजवाद्याशेजारी बसते. ही लहान गोष्ट नाही, ज्या खंडात दोन महायुद्धं पेटली तिथे तर नाहीच.

पण ही कहाणी मी नेहमी इथेच थांबवायचे. पुढची सांगत नव्हते. त्याच संसदेच्या ७२० जागा वाटल्या जातात त्या मात्र देशांना: जर्मनीला ९६, माल्टाला सहा. आणि १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानं जे युरोपीय नागरिकत्व जन्माला घातलं, त्याची अटच अशी की सदस्यदेशाचं नागरिकत्व असेल त्यालाच ते मिळणार. म्हणजे राष्ट्रापलीकडे जायचा दरवाजा राष्ट्राच्याच ओसरीवर. ब्रिटन बाहेर पडला तेव्हा फ्रान्समध्ये १९८४ पासून राहणाऱ्या एका ब्रिटिश बाईंचं नाव तिथल्या मतदारयादीतून गेलं. पंधरा वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिल्यामुळे मायदेशातला हक्क आधीच गेला होता. त्या लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या. जून २०२२ मध्ये निकाल आला: राष्ट्राचं सदस्यत्व संपलं तसं युरोपीय नागरिकत्वही संपलं. तो निकाल वाचला त्या दिवशी माझी दोन व्याख्यानं निकालात निघाली. मी मात्र ती आणखी वर्षभर तशीच देत राहिले.

आता जे कधीच जाहीर बोलले नाही ते.

काही वर्षांपूर्वी मी एका साहित्यसोहळ्याच्या कार्यक्रम समितीवर होते. वेगवेगळ्या भाषांतले कवी येणार होते. कार्यक्रमपुस्तिकेत कवीच्या नावाखाली देशाचं नाव छापायची तिथली रीत. ती मोडायचं मी ठरवलं. दोन बैठका भांडले. कवीला देश नसतो, भाषा असते, तेव्हा नावाखाली फक्त भाषा छापू, असा माझा आग्रह. शेवटी मंडळींनी मान्य केलं. मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं कागदावर जे मांडत होते ते निदान एका छापील पुस्तिकेत खरं झालं होतं.

मग एका कवयित्रीचं पत्र आलं. तिच्या सरकारनं तिचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. ती प्रवास करायची ती १९५१ च्या निर्वासित करारानुसार मिळणाऱ्या दस्तऐवजावर. पासपोर्टसारखंच पुस्तक असतं ते, फक्त मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात दोन तिरक्या पट्ट्या. त्या पट्ट्या दिसल्या की काउंटरवरचा माणूस मान वर करून एकदा चेहरा बघतो, असं ती नंतर म्हणाली. तिचा देश कुठला ते इथे सांगत नाही, कारण त्यावरून ती ओळखू येईल. पत्र चार ओळींचं होतं. माझ्या नावाखाली माझ्या देशाचं नाव छापाल का, बाकीच्यांचं नसलं तरी चालेल, एवढंच.

मी दोन पानी उत्तर लिहिलं. ते माझ्याकडे अजून आहे. त्यात राजकीय विचारवंत हाना आरेन्ट आहे, तिचा ‘हक्क असण्याचा हक्क’ आहे, म्हणजे कुठल्यातरी राजकीय समाजाचं सभासद असण्याचा, ज्याशिवाय बाकीचे हक्क हाती लागत नाहीत. ज्या सत्तेनं तुम्हाला हाकललं तिचं नाव आम्ही का मिरवावं, असा सवाल आहे. आणि शेवटी हे वाक्य आहे: ‘तुम्ही आज कुठल्याच देशाच्या नाही आहात आणि आमच्या मंचावर हेच तुमचं बळ आहे.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं होतं, आणि मला ते आवडलं होतं.

तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे.’

तिचं वाचन सकाळी अकराला होतं. मी अर्धा तास आधी पोचले. सभागृहाच्या दाराबाहेर टेबल, त्यावर पुस्तिकांचे गठ्ठे. ती तिथे खुर्ची ओढून बसली होती. डोळ्यांवर चष्मा, हातात निळं बॉलपेन. एक पुस्तिका घ्यायची, तिचं पान काढायचं, नावाखाली काहीतरी लिहायचं, मिटून डाव्या हाताला ठेवायची, की दुसरी. घाई नाही, राग नाही. टपाल कचेरीत एखादी बाई शिक्के मारत असावी तसं. लिहिलेल्या प्रतींचा ढीग बऱ्यापैकी उंच झाला होता.

मी खांबाजवळ उभी राहिले. पुढे जाऊन काही बोलता आलं असतं. दुसरं पेन घेऊन तिच्याशेजारी बसता आलं असतं, अक्षरं मला येत नव्हती तरी पानं काढून देता आली असती. हे सगळं आता सुचतं. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पुस्तिका खराब होतायत. तिनं वर बघितलं, मला ओळखलं, आणि हात न थांबवता लिहिलेला ढीग कोपरानं किंचित माझ्याकडे सरकवला. मी एक प्रत उचलली. शाई वाळायच्या आत मिटल्यामुळे समोरच्या पानावर उलटा डाग उमटला होता. लिपी मला वाचता येत नव्हती. वाचन छान झालं. देशाचा तिनं एका शब्दानं उल्लेख केला नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी माईकच्या आवाजाबद्दल बोललो.

बरीच वर्षं मी हे दोघातिघा मित्रांना सांगायचे, आणि सांगताना म्हणायचे की तिनं देशाचं नाव हातानं लिहून माझा पराभव केला. गेल्या वर्षी ती लिपी जाणणारा एक अनुवादक भेटला, त्याला ते पान दाखवलं. तो म्हणाला, हे देशाचं नाव नाही. गाव दिसतंय. त्यानंही ते कधी ऐकलेलं नव्हतं. नकाशावर शोधलं तर सापडलं, अगदी बारीक अक्षरात.

मग पत्रात तिनं देश का मागितला होता? तिला विचारलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं माझं आहे. मला वाटतं, आमच्या पुस्तिकेत माणसानं कुठून आलो हे सांगायला एकच जागा होती आणि तिचं नाव होतं ‘देश’. गावाची जागा कधी नव्हतीच. जी होती तीही मी काढून टाकली, आणि वर तिला समजावून सांगितलं की यात तुझंच भलं आहे.

माझ्यातली जुनी मी अजून वाद घालते. ती म्हणते, हे तर तुझ्याच बाजूचं झालं की! तिनं राष्ट्र लिहिलं नाही, गाव लिहिलं. राष्ट्रोत्तर म्हणतात ते आणखी काय असतं? मी तिला म्हणते, गाव असो की देश, लिहायचं की नाही हे ठरवणारी तू कोण होतीस? तुझ्या पर्समध्ये पासपोर्ट होता. नाव खोडायची चैन तुला परवडत होती. त्यावर ती म्हणते, म्हणजे ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्यानं राष्ट्राबद्दल तोंडच उघडायचं नाही? मग उघडणार कोण, कागद नसलेली माणसं, ज्यांचं ऐकायला कुणी बांधील नाही? इथे मला उत्तर सुचत नाही. खरंच सुचत नाही.

बेहरूझ बुचानीचं उदाहरण मी भाषणात विजय म्हणून सांगायचे. इराणमधून पळालेला कुर्द लेखक, ऑस्ट्रेलियानं पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर डांबलेला. फारसीत लिहिलेलं पुस्तक त्यानं फोनवरच्या संदेशांतून तुकड्यातुकड्यानं बाहेर पाठवलं. इंग्रजी अनुवादाला २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातला व्हिक्टोरियन साहित्य पुरस्कार मिळाला. लेखक तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असावा ही अट त्याच्यासाठी शिथिल केली गेली. बघा, साहित्यानं सीमा ओलांडली, असं मी म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. पुरस्कार दिला त्या संध्याकाळी तो माणूस बेटावरच होता. पुस्तकाला जिथे जागा मिळाली तिथे त्याला पाय ठेवायची परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी त्याला आसरा मिळाला तो न्यूझीलंडकडून. तोही दिला एका राष्ट्रानंच, आपल्या कायद्यानुसार. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, म्हणजे साऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या मजकुरात, पंधरावं कलम आहे: प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. पूर्वी मला ते कलम त्या जाहीरनाम्यातली उणीव वाटायचं. आता ते वाचताना दोन तिरक्या पट्ट्या डोळ्यांपुढे येतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पासपोर्ट मी ठेवते, कारण तो नसलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. आणि राष्ट्रापलीकडची ओळख हवी असं अजूनही म्हणते, कारण तो नसलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं तुम्हाला वाटेल. मलाही काही दिवस तसंच वाटतं, काही दिवस वाटत नाही.

तिला माफीचं पत्र लिहायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा ते दोन पानांवर गेलं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पानावर आरेन्ट आली. फाडून टाकली. चार ओळींत लिहिता आलं की पाठवेन.