आमची वाटचाल : वहीचा चौथा रकाना

साताऱ्यात आज आमच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेच्या सहा गाड्या आहेत. दोन व्हेंटिलेटरच्या, तीन साध्या ऑक्सिजनच्या, एक शववाहिका. ऑफिसात शिरताना डाव्या हाताला दरपत्रक लावलंय. पाहुणे आले की व्हेंटिलेटरच्या गाडीत चढतात, मॉनिटर कसा चालतो ते विचारतात. त्या कागदाकडे कुणी बघत नाही. तो भिंतीवर चढायला मात्र नऊ वर्षं गेली.

सुरुवात २००९ ची. तोवर मी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे ड्रायव्हर होतो. सोसायटीचं कर्ज काढून जुनी मारुती ओम्नी घेतली. मागची सीट काढून स्ट्रेचर बसवलं, एक सिलिंडर पट्ट्याने आवळला, टपावर दिवा लावला, आणि पुढच्या काचेखाली उलटी अक्षरं रंगवली, समोरच्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. झाली अ‍ॅम्ब्युलन्स. सलाईनची बाटली कुठे अडकवायची, याच्या पलीकडे मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा कुणी विचारतही नव्हतं.

मोठ्या दवाखान्याच्या गेटबाहेर नंबर लावायचा आणि टपरीवर चहा घेत बसायचं. वर्दी, म्हणजे गाडीची मागणी, आतून यायची, वॉर्डबॉयचं काम करणाऱ्या एखाद्या मामांकडून. मग नातेवाईक धावत बाहेर येणार : "पुण्याला हलवायचंय, किती घेणार?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नव्हतं. विचारणाऱ्याच्या पायातली चप्पल, हातातला मोबाइल, सोबतची माणसं बघून आकडा तोंडातून निघायचा. रात्र असली तर वाढायचा, पाऊस असला तर आणखी वाढायचा. मी त्यातला नव्हतो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी त्यातलाच होतो. काही खासगी दवाखान्यांत पेशंट उतरवला की पाकीट मिळायचं, तेही घेतलं. आमच्याकडे त्याला सरळ 'कट' म्हणतात. ज्या दवाखान्याचं पाकीट जाड, तो हळूहळू आपल्यालाच चांगला वाटायला लागतो. नातेवाइकांनी "कुठं न्यावं हो?" विचारलं की त्याचंच नाव ओठावर येतं, आणि आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाही कळत नाही.

२०१० च्या पावसाळ्यात एका म्हातारबाबांना पुण्याला नेत होतो. फुप्फुसाचा जुना आजार, तोंडाला मास्क, सोबत मुलगा. माझ्याकडे मधल्या आकाराचा, बी टाइप सिलिंडर होता. पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. सातारा ते पुणे, रस्ता मोकळा असला तर दोन तास. गणित बसतं, पण हे गणित मी तेव्हा केलेलं नव्हतं, आणि निघताना सिलिंडरच्या काट्याकडेही बघितलं नव्हतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि पुढच्या एस वळणावर कंटेनर आडवा झालेला. तासभर तिथेच. खेड शिवापूरच्या अलीकडे मागून मुलाचा आवाज आला, "दादा, त्या बाटलीतले बुडबुडे थांबले." ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून ओलावा घेत जातो, तिच्यातले बुडबुडे. ते थांबले म्हणजे सिलिंडर संपला. रस्त्याकडेच्या एका छोट्या दवाखान्याने ओळख ना पाळख, स्वतःचा भरलेला सिलिंडर काढून दिला. बाबा पुण्यात पोहोचले, वाचले. मुलाने ठरलेले पैसे मोजले आणि वर चहाला म्हणून पन्नासची नोट दिली. मी ती घेतली.

ती नोट मला बरेच दिवस नकोशी वाटत होती. त्याच वर्षी पुण्यात प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. हृदय बंद पडलं तर छाती किती दाबायची (पाच ते सहा सेंटिमीटर), कोणत्या वेगाने (मिनिटाला १०० ते १२० वेळा), तीस दाबांनंतर दोन श्वास. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं केलं तरी शर्ट भिजतो. मणक्याला धक्का लागलेल्या माणसाला हातपाय धरून उचलायचं नसतं, हेही तिथे कळलं. त्याआधी मी किती जणांना तसं उचललं होतं, याचा हिशोब मी करत नाही.

आता आमचा नियम असा, की प्रवासाला जितका वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत पाहिजे. मोठ्या गाड्यांत डी टाइप सिलिंडर असतात, ७००० लिटरचे. मिनिटाला १५ लिटर लागले तरी एक सिलिंडर पावणेआठ तास पुरतो. पाळी बदलताना ड्रायव्हर आणि ब्रदर (पुरुष नर्स) दोघं मिळून काटा बघतात, घशातला कफ ओढणारं सक्शन मशिन चालवून बघतात, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबून बघतात, आणि सही करतात. सही नसेल तर गाडी हलत नाही. यावरून एक चांगला ड्रायव्हर सोडून गेला. त्याला तो अपमान वाटला.

२०१४ च्या सुरुवातीला राज्यात १०८ नंबरची सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा आली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, प्रत्येकीत डॉक्टर, आणि पेशंटला सगळं फुकट. टपरीवर त्या दिवशी सुतक होतं. "बसला आपला धंदा," असं सगळेच म्हणत होते. धंदा बसला नाही, पण त्याचा नकाशा बदलला. अपघाताच्या जागेवरून दवाखान्यात आणणं हे काम १०८ कडे गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. आमच्याकडे राहिलं ते शिफ्टिंग : इथून पुण्या-मुंबईला हलवणं, डायलिसिसला नेणं-आणणं, डिस्चार्जनंतर घरी पोहोचवणं. शिवाय लोकांनी सुसज्ज गाडी डोळ्यांनी बघितली होती. "गाडीत डॉक्टर आहे का? मॉनिटर आहे का?" असे प्रश्न पहिल्यांदाच कानावर यायला लागले. माझ्याबरोबर नंबर लावणाऱ्यांतले निम्मे पुढच्या दोन वर्षांत स्कूल व्हॅनकडे वळले.

त्याच सुमारास एका प्रशिक्षणात मुंबईच्या १२९८ या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेबद्दल ऐकलं. श्वेता मंगल आणि त्यांच्या मित्रांनी ती २००५ च्या सुमारास उभी केलेली. मला भावली ती त्यांची दर ठरवायची रीत. पेशंटला उत्पन्न विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही. तो कुठल्या दवाखान्यात निघालाय, एवढंच बघायचं. खासगीत निघाला तर पूर्ण दर, सरकारीत निघाला तर सवलत. माणसाची ऐपत त्याच्या चपलेवरून ओळखणाऱ्या मला ही रीत फारच सभ्य वाटली.

तरी ती उचलायला २०१८ उजाडलं. दरपत्रक बनवलं ते आमच्या हिने. किलोमीटरचा दर, सरकारी दवाखान्यात नेताना निम्मा, बेवारस अपघातग्रस्ताला शून्य, मयताच्या गाडीला रात्रीचा जादा आकार नाही. दोन्ही बाजूंचं अंतर धरलेलं असतं, यावर लोक अजूनही भांडतात. पेशंट एकाच बाजूने असतो हे खरं, पण गाडी पुण्यात सोडून येता येत नाही. दरपत्रकाबरोबर तिने वही घातली, चार रकान्यांची : वर्दी, ठरले, जमा, सोडले (म्हणजे माफ केलेले पैसे).

कट घेणं आणि देणं त्याच दिवशी बंद केलं, आणि फोन वाजायचे थांबले. मामांनी आमचा नंबर द्यायचं सोडलं. चार महिने दोन गाड्या दारात धूळ खात उभ्या होत्या आणि हप्ते चालू होते. दरपत्रकावर स्वतःच्या हाताने फुली मारावी असं मला त्या काळात किमान दोनदा वाटलं. तगलो ते दुसऱ्याच कामांवर. शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांशी महिन्याचे करार झाले. कारखान्याच्या दारात गाडी उभी राहणार, वर्दी असो वा नसो. साताऱ्यातल्या हिल मॅरेथॉनला गाडी लागते. आणि आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण अशी आमची एक गाडी सोबत चालते. त्या वर्दीचा आकडा 'ठरले'मध्ये शून्य असतो. काम मात्र भरपूर : पायाचे फोड, उन्हाने आलेली चक्कर, आणि साखर उतरली तरी उपास मोडायला तयार नसलेले मधुमेही. त्यांना साखरपाणी पाजणं हे मला व्हेंटिलेटर लावण्यापेक्षा अवघड वाटतं.

हायवेवरच्या ढाब्यांवर आणि पंक्चरच्या दुकानांत आम्ही तासाभराचे वर्ग घेतो. अपघातात पहिला हात त्यांचाच लागतो. वर्गात पहिला प्रश्न रक्त कसं थांबवायचं हा नसतो, "पोलिसांची कटकट होईल का?" हा असतो. मग मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ सांगावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं : चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही. हे दोन-तीनदा सांगितलं की मगच लोक पुतळ्याला हात लावतात.

कोविडाबद्दल थोडंच लिहितो. प्रशासनाने दर ठरवून दिले. आमचं दरपत्रक आधीच भिंतीवर असल्याने आम्हाला फार फरक पडला नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये कुठलंच दरपत्रक कामाला येईना. पेशंट गाडीत, आणि बेड कुठेच नाही. साताऱ्यातून कऱ्हाड, तिथून परत, मग पुण्याकडे. सहा तास गाडी फिरतेय आणि मीटर पळतोय. त्या किलोमीटरचे पैसे कुणाकडून घ्यायचे? आम्ही शेवटी जिथे बेड मिळाला तिथपर्यंतचं सरळ अंतर धरलं, उरलेलं वहीच्या चौथ्या रकान्यात गेलं. एप्रिल आणि मे ची पानं बघितली तर तिसरा रकाना रोडावलेला आणि चौथा भरगच्च दिसतो. काही वर्द्यांसमोर तर 'ठरले'सुद्धा कोरं आहे. त्या घरांत विचारायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या व्हेंटिलेटर गाडीच्या कर्जासाठी बँकेत गेलो होतो. साहेबांना ताळेबंद दिला, त्यांनी जुन्या वह्याही मागितल्या. पानं उलटता उलटता थांबले आणि चौथ्या रकान्यावर पेन ठेवून म्हणाले, "हा एवढा खर्च कशाचा?" मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. आमच्या नव्या वर्द्यांतल्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सांगण्यावरून येतात, आणि सांगणारा बहुधा त्याच रकान्यातला निघतो, हे हिला पाठ आहे. तिने पर्सची चेन लावत उत्तर दिलं, "जाहिरातीचा."