पोटरीचे वजन

गेल्या पावसाळ्यात टेकडीवर धावायला गेलो असता बुटांच्या तळव्यांना काळी माती असा काही थर धरून बसली की, उतरणीलाही धाप लागली. तेवढीच माती पिशवीत घालून कमरेला बांधली असती तर बहुधा जाणवलीही नसती. पण पायाच्या टोकाशी असलेले वजन पावलागणिक उचलून पुढे झोकावे लागते, आणि म्हणूनच प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले तर धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाला एका टक्क्याचे काही वाटणार नाही, पण ४२ किलोमीटरच्या शर्यतीत अव्वल धावपटूंसाठी तो मिनिटभराच्या घरातला हिशेब असतो.

लांब पल्ल्याच्या शर्यती सातत्याने जिंकणाऱ्या केनियातील कालेंजिन समाजाच्या धावपटूंविषयी वाचताना मला ती माती हटकून आठवते. स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केनियन आणि स्कँडिनेव्हियन धावपटूंची तुलना केली, तेव्हा शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते या बाबतीत दोघांत फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो काटकसरीत. त्याच वेगाने धावायला केनियन धावपटूंना कमी ऑक्सिजन लागत होता, आणि त्याचे एक कारण त्यांच्या सडपातळ, हलक्या पोटऱ्यांमध्ये असावे असे या संशोधकांना वाटले.

त्यांच्या यशाची कारणे शोधताना उंचीचा मुद्दा नेहमी निघतो. या कालेंजिन धावपटूंचे इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत शरीर अधिक तांबड्या पेशी तयार करते, हे खरेच. १९६८ साली २२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीतील ऑलिंपिकमध्ये केनियाच्या किप केनो यांनी १५०० मीटरचे सुवर्णपदक मोठ्या फरकाने जिंकले, त्यामागेही डोंगराळ भागातील ही सवय होती. मात्र केवळ उंचीने धावपटू घडत असते, तर तिबेट आणि अँडीजच्या पठारांवरूनही विश्वविजेत्यांची रांग लागायला हवी होती.

जनुकांच्या शोधातूनही सरळ उत्तर मिळालेले नाही. क्रीडाक्षमतेशी जोडल्या गेलेल्या एसीई आणि एसीटीएन-३ या दोन जनुकांचा केनियन धावपटूंच्या यशाशी संबंध जोडता आला नाही. म्हणूनच ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य ऐकले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात कौतुकाच्या आवरणाखाली कष्ट झाकले जातात. केनियाचे मॅरेथॉनपटू एल्युड किपचोगे यांनी ऐन उमेदीत तिथल्याच कापतागत गावच्या सराव छावणीत आठवड्याला २०० किलोमीटरहून अधिक धाव घेतली आणि तिथली झाडलोटही इतरांबरोबर पाळीपाळीने केली. इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ मध्ये भूगोल शिकवायला आलेले आयरिश ब्रदर कोम ओकॉनेल पुढे नामांकित प्रशिक्षक झाले. त्याच शाळेचा पीटर रोनो १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचा विजेता ठरला. शेजारच्या घरातला मुलगा शर्यती जिंकून जमीन घेतो, गुरे घेतो, हे रोज डोळ्यांसमोर दिसत असेल तर पहाटे उठायला वेगळे कारण लागत नाही.

हे सारे आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेकडे पाहताना अधिक स्पष्ट होते. शाळेसाठी लहानपणी तुडवलेली सहा किलोमीटरची वाट, सैन्यातली नोकरी, सियाचीनची थंडी हे सगळे त्याच्या वाट्याला आले. पण तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो सैन्यात गेल्यावर, म्हणजे इटेनची मुले शाळेच्या मैदानावरच जे शिकतात ते त्याने विशीत शिकायला घेतले. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेतील पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच जात होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. पुढे होता तो केनियाचा अब्राहम किबिवोट, आणि दोघांमधले अंतर होते एका सेकंदाच्या शंभरांश भागांपैकी पाच.