तीन टन इमल्शन आणि दीड टन बर्फ

मे महिन्यात तारापूर एमआयडीसीत चिलर (पाणी गार करणारं यंत्र) बंद पडला, की ज्याच्या रिॲक्टरमध्ये सिलिकॉन इमल्शन, म्हणजे शॅम्पूत घालायचं, पाण्यात विखुरलेलं सिलिकॉन तेल असेल त्याची झोप उडते. माझी उडाली ती फर्स्ट शिफ्टला गेटमधून आत शिरताशिरता. रात्री केव्हातरी चिलरचा कंप्रेसर ट्रिप झाला होता. ऑपरेटरने जॅकेटला, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या पोकळ कवचाला, कूलिंग टॉवरचं पाणी लावून ठेवलं होतं. दुसरं तो करणार तरी काय? पण मे महिन्यात टॉवरचं पाणी ३२ अंशांच्या खाली यायला तयार नसतं. १५ अंशांवर ठेवायची बॅच सकाळी ३४ वर उभी होती.

आत तीन टन माल. आखूड साखळीचं, दोन्ही टोकांना ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असलेलं सिलिकॉन तेल, पाणी आणि डीबीएसए. हे डीबीएसए म्हणजे कपड्यांच्या पावडरवाल्यांचं नेहमीचं ॲसिड स्लरी. इथे त्याच्याकडे दोन कामं: तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवायचे, आणि थेंबाच्या कडेला साखळीचं टोक टोकाला जोडायचं. होमोजिनायझरमधून थेंब बारीक करून घ्यायचे, गार करायचं आणि साखळ्या वाढायची वाट बघायची. हव्या तेवढ्या वाढल्या की ट्रायइथेनॉलअमीन घालून ॲसिड मारायचं. साखळी तिथेच थांबते.

या मालाची गंमत अशी, की थेंबातलं तेल कितीही घट्ट होवो, वरून सगळं दुधासारखं पातळच दिसतं. लाख सीपीएसचं (सीपीएस म्हणजे घट्टपणाचं माप) तेल साध्या पंपाने बॅरलमध्ये भरता येतं ते यामुळेच. पण यामुळेच साइटग्लासमधून बघून काही कळतही नाही. लॅबमध्ये बीकरभर नमुन्यात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओतलं की इमल्शन फाटतं. सुटलेलं तेल ओव्हनमध्ये सुकवून ब्रुकफिल्डला, म्हणजे घट्टपणा मोजायच्या यंत्राला, लावायचं. त्याआधी मी काचेची कांडी बुडवून वर उचलतो. चांगल्या मालाची तार हात डोक्याच्या वर गेला तरी तुटत नाही. त्या सकाळी ती वीतभरही ओढली गेली नाही. लाखाच्या जागी आकडा आला तीस हजारांच्या आत.

"वाफ द्या अर्धा तास, ५० पर्यंत न्या," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले. "मागे राहिलीय ना, ओढून घेऊ."

बहुतेक रिॲक्शनना हा सल्ला चालला असता. इथे तो उलटा पडतो. दोन ओएच जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि भोवती तर पाणीच पाणी, म्हणून जोडणं आणि तुटणं दोन्ही चालूच राहतं. थंडीत पारडं जोडण्याकडे झुकतं, उष्णतेत तुटण्याकडे. शिवाय गरम झालं की हेच ॲसिड साखळीतून चार-चार दुव्यांच्या कड्या कापून काढतं. ते डी४.

"सर, तापवलं तर आहे तेही जाईल. वाफ नको, अमीनही नको. ॲसिड जिवंत आहे तोवर बॅच हातात आहे. बर्फ लागेल."

"बर्फ? कुठून आणणार?"

"सातपाटीकडून, साहेब," आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर मामा मध्येच म्हणाले. "मासेमारीची बंदी एक जूनला. अजून बोटी चालू आहेत, बर्फ मिळंल."

मी कागद ओढला. तीन टन माल ३४ वरून १६ वर आणायला, सिलिकॉनची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा बरीच कमी धरून, साधारण ४२ हजार किलोकॅलरी काढायच्या. बर्फ वितळताना किलोमागे ८० किलोकॅलरी घेतो, म्हणजे हिशेबाने सव्वापाचशे किलो. टाकीतलं पाणी, पाइप आणि वरचं ऊन धरून दीड टन मागवला. टेम्पोवाल्याने लाद्या उतरवताना विचारलं, "पापलेट किती लागलं?" मामांनी सरळ सांगितलं, "शॅम्पूचं आहे."

चिल्ड वॉटरच्या टाकीत लाद्या फोडून टाकल्या आणि तेच पाणी जॅकेटमधून फिरवलं. दुपारी बॅच १६ वर आली. संध्याकाळच्या नमुन्याने पन्नास हजार ओलांडले. रात्री टाकीत आणखी लाद्या पडल्या आणि सकाळी कांडीची तार डोक्याच्या वर गेली. लाखाच्या पुढे आकडा बघूनच अमीन घातलं.

मग जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफचा) रिपोर्ट आला. डी४ ०.३ टक्के.

युरोपने डी४ ला २०१८ साली अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलं, कारण ते निसर्गात टिकून राहतं आणि जिवांच्या शरीरात साठत जातं. ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. ती तयार शॅम्पूला लागू होते आणि शॅम्पूत आमचं इमल्शन दोन-चार टक्केच जातं. पण मिश्रणात ०.१ च्या वर गेलं की सेफ्टी डेटा शीटवर ते लिहावं लागतं, म्हणून गिऱ्हाईक इमल्शनमध्येच ०.१ च्या आत मागतं. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

"आणखी दोन दिवस थंड ठेवलं तर उतरेल ना?" साहेबांनी विचारलं.

नाही. साखळी थंडीत पुन्हा जुळते, पण रात्रभर ३४ अंशांवर कापल्या गेलेल्या कड्या परत साखळीत शिरत नाहीत. ॲसिडवर सोडून दिलं तर डी४ याच्या कितीतरी पट वर जाऊनच स्थिरावतं. व्हॅक्यूमने ओढून काढावं तर फेस थेट व्हेंटमध्ये चढतो.

बॅच भिवंडीच्या एका कापडाच्या प्रोसेस हाउसला सॉफ्टनर म्हणून दिली, डेटा शीटवर डी४ लिहून. भाव बराच कमी मिळाला. शॅम्पूवाल्यांसाठी दुसरी बॅच लावली, ती कंप्रेसर दुरुस्त होऊन टाकीचं पाणी ८ अंशांवर आल्यावरच.