नंबर कितवा, आणि कशातला?

या स्मरणिकेत पहिल्या आलेल्यांची यादी असेलच, आणि असावीही. पण वर्गात सतरावा नाहीतर तेविसावा नंबर घेऊन घरी गेलेल्यांनीही दहावीनंतरची वाट बहुधा त्याच आकड्यावरून धरलेली असते. म्हणून या पानावर आठवणींऐवजी प्रगतिपुस्तकातला तो आकडाच उघडून बघू.

दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र हे सहा मुख्य विषय, मिळून 600. कागदावर गणित सहातले एक. नंबर लावताना मात्र त्याचे वजन कितीतरी वाढते, कारण भाषांचे गुण बहुतेक साठ ते ऐंशीच्या आतच फिरतात आणि गणिताचे विसापासून पंचाण्णवपर्यंत पसरतात. समजा, एकीला मराठी 78, हिंदी 74, इंग्रजी 70, गणित 48, विज्ञान 60, सामाजिक शास्त्र 72, बेरीज 402. दुसरीला त्याच क्रमाने 66, 64, 62, 86, 68, 64, बेरीज 410. पहिली चार विषयांत पुढे, आणि त्या चारांची आघाडी मिळून 38. गणितातला फरकही नेमका 38. म्हणजे तिथेच फिटंफाट झाली, आणि विज्ञानाच्या 8 गुणांनी ती मागे पडली. वर्गाच्या मधल्या पट्ट्यात बेरजा इतक्या दाटीने असतात की 8 गुणांत पाच-सहा नंबर सहज खाली जातात. मग 'अभ्यासात बेताची' हा शिक्का मराठीसकट सगळ्यावर बसतो.

आपल्याकडे गोव्यात पाचवीत आणखी एक गोष्ट घडते. वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळेत पंधरा जणांत पहिला येणारा मुलगा हायस्कुलात जातो आणि माध्यम इंग्रजी होते. लसावि झटकन काढणारा एलसीएम म्हटले की गप्प. 'हाऊ मेनी आर लेफ्ट' वाचताना त्याला लेफ्ट म्हणजे डावा एवढेच ठाऊक, त्यामुळे वजाबाकी येत असूनही उदाहरण कोरे राहते. त्याचा नंबर घसरला तो भाषेमुळे, पण घरात निष्कर्ष निघतो, 'गणित कच्चे आहे'. दोन-तीन वर्षांत इंग्रजी सुधारते, निष्कर्ष तसाच राहतो आणि थेट अकरावीच्या फॉर्मवर उतरतो.

शाळेतल्या नंबराचा पुढच्या वाटेवर काय परिणाम होतो, हे मर्फी आणि वाइनहार्ट या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या शाळांच्या नोंदींवरून तपासले. तो अभ्यास 2020 मध्ये छापून आला. प्राथमिक शाळेत गुण सारखे असले, तरी ज्याचा स्वतःच्या शाळेतला नंबर वरचा, त्याला पुढे माध्यमिकमध्ये जास्त गुण मिळाले. ज्या विषयात नंबर वरचा, तो विषय पुढे निवडण्याकडेही कल दिसला. हा परिणाम मुलींपेक्षा मुलग्यांवर अधिक होता.

नंबर पटाशिवाय वाचूच नये. पटातून नंबर वजा करा आणि पटाहून एक कमी अशा संख्येने भागा. पहिल्याचे उत्तर 1 येते, शेवटच्याचे 0. 40 जणांत आठवा म्हणजे 32 भागिले 39, साधारण 0.82. 15 जणांत आठवा म्हणजे 7 भागिले 14, अगदी मधला. अर्थात तुकड्या गुणांवरून पाडलेल्या असतील तर हेही फसते. 'अ'मधला तिसावा 'ब'मध्ये पहिल्या पाचांत बसू शकतो.

त्यापेक्षा विषयवार बघणे बरे. आठवीची वार्षिक, नववीची वार्षिक आणि दहावीची पूर्वपरीक्षा, या तिन्हींत प्रत्येक विषयाला वर्गातल्या मधल्या मुलाचे गुण किती, ते वर्गशिक्षकांकडून घ्यावे. 40 जणांत विसाव्या-एकविसाव्याचे गुण. सरासरी नको, दोन-चार कोरे पेपर तिला खाली ओढतात. आपले गुण त्या मधल्यापेक्षा तिन्ही वेळा वर असतील तर तो विषय आपला. एकदाच दहाने वर, पुढच्या वेळी पाचाने खाली, असे असेल तर तो त्या पेपरापुरता योग समजावा. गणित तिन्ही वेळा वर आणि एकूण नंबर मात्र विसावा, अशी मुले दर वर्गात असतात, आणि नेमकी तीच घाबरून मॅथ्स सोडतात. बारावीला मॅथ्स नसेल तर फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची वाट अडते, बायोलॉजी नसेल तर बांबोळीच्या मेडिकलची. कॉमर्सला जाणाऱ्यांनी एवढे बघावे की अकाउंटन्सीत प्रमेये नसतात, पण ताळेबंद एका रुपयाने चुकला तरी जुळत नाही. त्यासाठी गणिताच्या नंबरापेक्षा नीटनेटकी वही जास्त सांगून जाते.