दोन सबवूफर आणि हरवलेला बास

"दादा, दुसरा सब (खोल बास वाजवणारा सबवूफर स्पीकर) टाकला आणि बास उलट कमीच झाला," अशी तक्रार घेऊन गाडी आली. डिकीत आधीचा १२ इंची सब पोर्टवाल्या (हवा आत-बाहेर जायला पाइप असलेल्या) रेडिमेड बॉक्समध्ये, शेजारी नवा १० इंची सीलबंद बॉक्समध्ये. दोन्ही एकाच मोनो (एका चॅनेलच्या) अ‍ॅम्पवर समांतर. आवाज चढवला की अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा.

प्रोटेक्टचं कारण सरळ होतं. १२ इंचीच्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर, म्हणजे २ ओहम. त्याला ४ ओहमचा १० इंची जोडला की लोड १.३३ ओहम. ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त, आणि हा अ‍ॅम्प २ ओहमच्या खाली न चालणारा. १२ इंचीच्या कॉइल सिरीजमध्ये घेतल्या तर लोड २.६७ होतो आणि अ‍ॅम्प बंद पडत नाही. पण मग १० इंचीला १२ इंचीच्या दुप्पट वॅट जातात, म्हणून हा उपाय मला पटत नाही.

खरं कोडं बासचं होतं. दीड व्होल्टचा सेल लावून पाहिला. प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही सबचे कोन (पुढे-मागे हलणारे पडदे) बाहेरच आले, म्हणजे वायर उलटी नव्हती. मग कमी आवाजात एकेक टोन वाजवून मोजलं. ३२ हर्ट्झला १२ इंची एकटा ९० डेसिबल, १० इंची एकटा ८९, आणि दोन्ही मिळून ८४! एकाची वायर काढली की बास वाढत होता. १० इंचीची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवली तर ३२ ला आकडा ९५ वर गेला, पण ५५ हर्ट्झला ८ डेसिबल पडले. खड्डा भरला नाही, फक्त जागा बदलली.

हे का होतं? पोर्टवाल्या बॉक्सच्या ट्यूनिंगच्या (पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात घुमते तिच्या) वर ही हवा कोनच्या साथीने चालते, खाली गेलं की कोनच्या विरुद्ध. त्यामुळे त्या बॉक्सची फेज (आवाजाच्या लाटेची वेळ) सीलबंद बॉक्सपासून १८० अंशांकडे सरकत जाते. ट्यूनिंग शोधायला १-१ हर्ट्झने टोन खाली आणत कोनकडे बघायचं; कोन सगळ्यात कमी हलतो ते ट्यूनिंग. इथे ते ४२ निघालं. म्हणजे ३२ हर्ट्झला दोन्ही सब जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते. पोलॅरिटीचा स्विच सगळ्याच फ्रिक्वेन्सी एकदम उलटवतो, म्हणून त्याने हे सुटत नाही.

दोन वेगळे सब ठेवायचेच असतील तर दोन्ही सीलबंद बॉक्समध्ये आणि प्रत्येकाला वेगळा मोनो अ‍ॅम्प, म्हणजे गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते) स्वतंत्र लावता येतो. सीलबंद आणि पोर्टवाला एकत्र मी कुणालाही सुचवत नाही.

मालकांना खोल बास हवा होता, म्हणून १० इंची काढला आणि १२ इंचीचाच बॉक्स सुधारला. आतून ४५ लिटर, पोर्टचा आतला व्यास १० सेंटिमीटर, लांबी २२. ट्यूनिंग ३४ वर आणायला लांबी ३८ लागते. एवढा सरळ पाइप आत मावत नव्हता, म्हणून एल्बो (वळणाचा जोड) लावला आणि पाइपचं टोक भिंतीपासून १० सेंटिमीटर मोकळं ठेवलं. यापेक्षा जवळ गेलं तर पोर्ट लांब असल्यासारखा वागतो आणि ट्यूनिंग आणखी खाली घसरतं.

तेवढ्याच आवाजात ३२ हर्ट्झला आता ९४ आले. लो पास (वरचे आवाज अडवणारा फिल्टर) ८० वर आणि सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे आवाज अडवणारा) ३० वर लावला. सबसॉनिक बंद ठेवून चालत नाही, कारण ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही आणि जोराच्या बासला कॉइल मागच्या प्लेटवर आपटते.